विषाणूचं सोवळं

हर्पिसची धास्ती ज्यांनी घ्यायला हवी ते ती घेत नाहीत, आणि जे घेतात त्यांना ती घेण्याचं कारण बहुधा नसतं. विधान आगाऊ वाटेल, पण एखाद्या बारशाला जाऊन बघा. बाराव्या दिवशी पाळणा सजलेला असतो आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकते. तिच्या ओठाच्या कडेला परवाच्या तापानंतर उठलेले चार-पाच बारीक फोड आहेत, त्यांवर पिवळट खपली धरायला लागली आहे. ‘ताप उतलाय’ म्हणत ती त्यावर तुपाचं बोट फिरवून आली आहे. नाव सांगून झालं की ती बाळाचा पापा घेते. बाळाला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट आहे. आत्याला मात्र ‘आज जरा लांब बस’ असं कुणी म्हणत नाही.

ते फोड म्हणजे हर्पिस. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला हा विषाणू लागला तर तो मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो आणि उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततो. असं क्वचित घडतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज लाख जन्मांमागे दहाच्या आसपास आहे, आणि त्यांतली बहुतेक लागण प्रसूतीच्या वेळी आईकडून होते. तरीही त्या खोलीत कुणाला आठवडाभर थांबायला सांगायचं असेल, तर ते आत्यालाच.

त्याच खोलीच्या दाराशी बाळाचा बाप उभा आहे. त्यानं बाळाला अजून नीट जवळ घेतलेलं नाही. सर्दी आहे, असं त्यानं सगळ्यांना सांगितलंय. त्याच्या अंगावर फोड नाही, पुरळ नाही. लग्नाआधीच्या वर्षांतला एक प्रसंग त्याला आठवतो, आणि मागच्या महिन्यात कमरेखाली एक लाल ठिपका दिसला होता, जो दोन दिवसांत गेला. रात्री घर झोपलं की तो बाथरूमची कडी लावून मोबाइलच्या टॉर्चनं स्वतःला तपासतो. हा बाप मी कल्पनेनं उभा केलाय, पण कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

त्याला विचारलं तर तो म्हणेल, मला माझी काळजी नाही हो, माझ्यामुळे बाळाला काही झालं तर? हे तो मनापासून म्हणतो. पण ही भीती खरोखर लागणीची असती, तर ती लागणीच्या शक्यतेच्या मापानं कमी-जास्त झाली असती. आत्याचा ओठ पाहून तो अस्वस्थ झाला असता. तो झालेला नाही, कारण तोंडावरचा फोड त्याच्या लेखी आजारच नाही. तो उष्णतेचा किंवा झोपेत झुरळ चाटून गेल्याचा फोड आहे. हाच माणूस बाळ जरा मोठं झालं की त्याला स्कूटरवर पुढे उभं करून, मागे बायकोला बसवून, हेल्मेटशिवाय हायवेला लागेल. तिथला धोका कितीतरी मोठा, तरी झोप उडणार नाही. तेव्हा बाळाच्या जिवाची काळजी हे या भीतीचं संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे. माझं म्हणणं असं आहे की ही भीती विषाणूची नसून दोषाची आहे, आणि प्रेमाचा अंगरखा घातल्यामुळे ती कुणाला, खुद्द त्यालाही, ओळखू येत नाही.

आधी विषाणूचं बघू. जगातल्या पन्नाशीखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे शंभरातल्या चौसष्टांच्या, शरीरात हर्पिस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार आहे. दुसरा प्रकार १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांत आहे. पहिला बहुतेकांना लहानपणीच लागतो, कुणा मावशीच्या नाहीतर आजोबांच्या पाप्यातून. मग तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी जन्मभर मुक्काम ठोकतो. कमरेखाली लागला असेल तर पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी. बहुतेकांना तो आहे हे कधी कळतही नाही. दोन्ही प्रकार एकमेकांचे सख्खे भाऊ शोभतील इतके सारखे, आणि पहिला प्रकारही कमरेखाली लागू शकतो. पाश्चात्त्य देशांतल्या तरुणांत जननेंद्रियांची पहिली लागण आता बऱ्याचदा त्याचीच असते. जनुकांच्या अभ्यासावरून दुसरा प्रकार आपल्या पूर्वजांना चिंपांझींच्या पूर्वजांकडून सुमारे सोळा लाख वर्षांपूर्वी मिळाला असावा असं दिसतं. इतकी जुनी वस्ती असलेल्या पाहुण्याला घरात आणणारा पहिला माणूस मीच, असं समजणं म्हणजे एक प्रकारचा अहंकारच आहे.

आता हा बाप घरात काय करतो ते पाहा. त्यानं स्वतःची बादली वेगळी केली आहे. त्याचा टॉवेल गॅलरीतल्या शेवटच्या दोरीवर एकटा लोंबतो. अंतर्वस्त्रं तो जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून स्वतः धुतो, आणि बायकोनं कौतुकानं ‘बाप झाल्यावर सुधारलास’ म्हटलं की गप्प होतो. जेवणाचं ताट वेगळं. बाळाला घ्यावंच लागलं तर मध्ये दुपट्याची घडी. यातल्या एकाही गोष्टीचा या विषाणूला अटकाव करायला उपयोग नाही. तो कातडीला कातडी भिडल्यानं आणि लाळेतून जातो. शरीराबाहेर त्याचा फारसा निभाव लागत नाही. टॉवेल, साबण, चमचे, अंथरूण, संडासाची सीट, पोहण्याचा तलाव यांतून हर्पिस लागत नाही, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था स्वच्छ सांगते.

मग वस्त्र, भांडं, पाणी, अंथरूण असा स्पर्शाचा हा नकाशा त्याला कुठे मिळाला? जुन्या घरात. काठीनं दोरीवर टाकलेलं सोवळं, ‘शिवू नकोस’ म्हणून मागे सरणारी आजी, महिन्याचे चार दिवस बाजूला बसलेली काकू आणि तिचं निराळं तांब्या-भांडं. हा नकाशा विषाणूंचा नाही, विटाळाचा आहे. बाप स्वतः कदाचित देव मानत नसेल, त्याच्या फ्लॅटमध्ये कुणी बाजूला बसतही नसेल. पण मनाला घाबरायचं असलं की ते आधीच पडलेल्या चाकोरीतून धावतं, आणि आपल्याकडे ती चाकोरी खोल आहे. मला सोवळ्याचं काडीचं कौतुक नाही. त्यानं बायकांचं आणि गावकुसाबाहेरच्या माणसांचं जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी त्यात एक सोय होती. सुतक दहा दिवसांनी फिटतं, विटाळ चौथ्या दिवशी न्हाऊन संपायचा, ग्रहणालाही मोक्ष असतो. या बापाचं सोवळं कधीच उतरत नाही. विषाणू जन्मभर राहतो एवढंच त्यानं वाचलंय, आणि त्यातून आपण जन्मभर बाजूला बसायचं असा अर्थ काढलाय.

ही लाज विषाणूइतकी पुरातन मात्र नाही. हर्पिसचे दोन प्रकार वेगळे आहेत हेच मुळी १९६०च्या दशकात नक्की झालं. त्याआधी डॉक्टरांच्या दृष्टीनं सिफिलिस आणि परमा हे दखल घेण्याजोगे रोग होते. हर्पिस म्हणजे किरकोळ कटकट. अमेरिकेत सत्तरचं दशक लैंगिक मोकळेपणाचं गेलं आणि त्याचा हिशोब चुकता करायला जणू कुणीतरी हवंच होतं. २ ऑगस्ट १९८२च्या ‘टाइम’ साप्ताहिकानं हर्पिसला मुखपृष्ठावर आणलं आणि व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर लावल्या जाणाऱ्या लाल अक्षराची उपमा दिली. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकेत ॲसायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाला मान्यता मिळाली. या औषधामागच्या संशोधनात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेलही मिळालं. औषध आलं आणि भीतीही आली, पण पसरली भीतीच जास्त. एड्स आल्यावर तिच्याकडे काही वर्षं कुणाचं लक्ष नव्हतं इतकंच.

आपल्याकडे ती तयार घरात राहायला आली. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर, रेल्वेच्या रुळांकडेला ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ रंगवलेलं पाहतच आपण मोठे झालो. शिकलेल्या डॉक्टरच्या पाटीवरही ‘त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ’ असं एकत्र असतं, त्यामुळे नायट्यासाठी गेलेला माणूसही बाकावर बसल्यावर ओळखीचं कुणी आहे का ते पाहून घेतो. त्यात नागिणीची भर. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. तिचा विषाणू कांजिण्यांचा, हा नव्हे. पण चिठ्ठीवरचं ‘हर्पिस’ वाचून सत्तरीच्या वडिलांच्या चारित्र्याबद्दल मुलगा मोबाइलवर शोध घेत बसतो, आणि नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो म्हणून आई नवस बोलते.

र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते आणि त्यात वाचकांच्या असल्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेतलं, तरी कर्व्यांना दंड भरावा लागला. कर्व्यांच्या वाचकाची अडचण होती की माहिती मिळत नाही. आजच्या बापाकडे माहितीचा महापूर आहे. त्याची अडचण वेगळी आहे. प्रश्न मोठ्यानं विचारता येईल असं माणूस त्याच्याजवळ नाही, म्हणून तो यंत्राला विचारतो, आणि यंत्र ‘आता पुरे’ असं कधीच म्हणत नाही.

मग तो तपासणी करून घेतो. इथे मला राग येतो तो त्याचा नाही, बाजाराचा. रिपोर्टचा कागद पाहा: डावीकडे ‘एचएसव्ही १ व २, आयजीएम’, मध्ये आकडा १.२, उजवीकडे मर्यादा १.१, आणि पुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. खाली बारीक टाइपात ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’. हा माणूस तो ठळक शब्द घेऊन घरी जातो. वास्तविक आयजीएम ही अँटीबॉडीची चाचणी हर्पिससाठी भरवशाची नाहीच. ती जुन्या आणि नव्या लागणीत फरक करू शकत नाही, दोन प्रकारांतही नाही. आयजीएमपेक्षा आयजीजी ही दुसऱ्या अँटीबॉडीची चाचणी बरी, पण तिचं गणितही बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटानं २०१६मध्ये हिशोब मांडला: शंभरात पंधरा जणांना दुसरा प्रकार आहे अशा लोकसंख्येत दहा हजार जणांना तपासलं, तर १,४८५ खरे पॉझिटिव्ह निघतील आणि १,४४५ खोटे. जवळजवळ छापा की काटा. म्हणून लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्ततपासणी करू नका, असं त्यांनी सांगितलं आणि २०२३मध्ये पुन्हा तेच सांगितलं. निगेटिव्ह आलं तरी सुटका नाही, कारण अँटीबॉडी तयार व्हायला तीन-चार महिने लागू शकतात, आणि ही माहिती त्याला रिपोर्टच्या आधीच पाठ असते.

बायकांच्या वाट्याला हाच कागद दुसऱ्या दारानं येतो. एक-दोनदा गर्भ पडला की सुनेला ‘टॉर्च’ करायला सांगतात. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस या सगळ्यांची ती एकगठ्ठा तपासणी. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण शोधायला तिचा उपयोग नाही, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेत केव्हाच नमूद झालं आहे. आपल्याकडे ती अजून सर्रास लिहून दिली जाते. ‘हर्पिस पॉझिटिव्ह’ हे दोन शब्द सासूच्या हातात पडतात, कुणीतरी मोबाइलवर अर्थ पाहतं, आणि पोटातलं मूल गमावलेल्या बाईला वर आपल्या वागणुकीचा खुलासा देत बसावं लागतं. तिच्या रक्तातल्या त्या खुणा लहानपणी आजीनं घेतलेल्या पाप्याच्या असण्याची शक्यता सर्वांत जास्त. नवऱ्याचं रक्त तपासायचं बहुतेक वेळा कुणाच्या डोक्यातही येत नाही. बाप स्वतःच्या अंगावर दोष ओढून घेतो. हिच्या अंगावर तो दुसरे टाकतात. जिला असं एकदा सुनावलं गेलंय ती पुढच्या बाळंतपणात बाळाला पाजताना हात किती वेळा धुते, ते कुणी मोजत नाही.

डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ हे वाक्य संध्याकाळपर्यंत टिकतं. मग शंका येते, डॉक्टरांनी नीट पाहिलं का? उजेड पुरेसा होता का? पॉल सॉल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात या यंत्रणेचा उलगडा केला. पुन्हा पुन्हा दिलासा मागितल्यानं भीती तेवढ्यापुरती उतरते आणि म्हणूनच टिकते, कारण मन शिकतं की दिलासा मिळाला नसता तर अनर्थ झाला असता. जबाबदारीबद्दलही त्यानं सांगितलं. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान होण्याची नुसती शक्यता मनात आली, तरी ते टाळणं आता आपलंच कर्तव्य, असं या माणसांना वाटतं. विचार आला म्हणजे जबाबदारी आली. बेफिकीर माणसाला तो विचारच येत नाही, म्हणून तो मोकळा. दोन मिनिटांच्या ओपीडीत हे उलगडायला वेळ नसतो. उलट काही डॉक्टर मनाच्या समाधानासाठी ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या लिहून देतात, आणि गोळी दिली म्हणजे रोग आहेच, असं रुग्ण गृहीत धरतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. बेफिकीर नवऱ्यांनी बायकांना काय काय रोग आणून दिले याचा इतिहास ताजा असताना, घाबरणाऱ्या पुरुषाला तुम्ही शहाणपण शिकवता? भीतीनं का होईना, माणूस सांभाळून राहिला तर बिघडलं कुठे? आणि लक्षणं नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर येतो, हे विज्ञानच सांगतं ना?

हो, सांगतं. म्हणूनच शंभर टक्के खात्री कुणीही देऊ शकणार नाही, आणि जो देईल तो भिंतीवर पाटी रंगवणाऱ्यांपैकी असेल. पण सांभाळणं म्हणजे काय, हे ठरलेलं आहे आणि ते मोजकं आहे. फोड आले तर ते सुकायच्या आत दाखवायचे. ओल्या फोडातला नमुना तपासला तर उत्तर बऱ्यापैकी पक्कं मिळतं. जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषधाचं पाकीट फुकट मिळतं. सरकारनं त्या पाकिटाला लाल रंग आणि पाच नंबर दिलाय, आत सात दिवसांच्या ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या. इतकी साधी गोष्ट. खपली पडेपर्यंत संबंध नको, तान्ह्या बाळाचा पापा नको. वारंवार उठत असेल तर रोजची गोळी घेता येते; २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडीदाराला दुसऱ्या प्रकाराची लागण होण्याचं प्रमाण अशा गोळीनं जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. एका ठिकाणी मात्र मी जराही सैल बोलणार नाही. पुरुषाला कमरेखाली हर्पिस आहे, बायकोला नाही आणि ती शेवटच्या तिमाहीत आहे, तर तेव्हा संबंध टाळायचाच. आईला ऐन प्रसूतीच्या तोंडावर नवी लागण झाली तर बाळाला धोका तीस ते पन्नास टक्के असतो. जुनी लागण असलेल्या आईकडून एका टक्क्यापेक्षाही कमी, कारण तिच्या अँटीबॉडी बाळापर्यंत आधीच पोचलेल्या असतात. कळा सुरू होताना फोड दिसले तर डॉक्टर सिझेरियन करतात. एवढं केलं की कर्तव्य संपतं. कर्तव्याला शेवट असतो. बापाच्या टॉर्चला तो नाही.

आणि खरी मेख त्या आक्षेपातच आहे. बेफिकीर नवरा आणि धास्तावलेला नवरा एका बाबतीत सारखेच वागतात: दोघंही बायकोला काही सांगत नाहीत. हा म्हणतो सर्दी आहे. रात्री तो कूस बदलून झोपतो, तिनं हात लावला की दचकतो, मोबाइल उलटा ठेवतो. बाळंतपणातून उठलेली बाई यातून काय अर्थ काढेल? हर्पिसचा नक्कीच नाही. ती दुसऱ्या बाईचा काढेल, किंवा आपलं शरीर आता याला नकोसं झालं असा. तिला न झालेल्या रोगापासून वाचवताना त्यानं तिला होणारं दुःख दिलंच आहे.

अशा माणसाला उपचार आहेत, आणि ते रक्ततपासणीच्या खोलीत मिळत नाहीत. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ त्याला टॉर्च बंद ठेवायला, शोध घ्यायची ऊर्मी आली तरी थांबायला, आणि ‘कदाचित असेल, कदाचित नसेल’ या वाक्यासोबत जेवायला-झोपायला शिकवतात. सुरुवातीचे आठवडे फार जड जातात. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरावर मराठीतही बोलता येतं. पण मला वाटतं उपचाराच्या आधी, निदान उपचारासोबत, त्यानं बायकोशी बोलायला हवं. एकदाच, दिवसाउजेडी. रोज तेच विचारून तिच्याकडूनही दिलासा उपसायचा, असं नव्हे. तिच्या शरीराला किती धोका चालेल हे ठरवायचा हक्क तिचा आहे, आणि बाळाच्या बाबतीत निम्मा. तो हक्क हा इतके दिवस एकट्यानं वापरतोय, तोही तिच्या भल्यासाठी म्हणून. ती चिडेल, लग्नाआधीच्या त्या प्रसंगाबद्दल चार प्रश्न विचारेल, आणि ते विचारायचा तिला अधिकार आहे. कदाचित हेही सांगेल की कॉलेजात असताना दर परीक्षेच्या आधी तिच्याही ओठावर फोड उठायचे, अजून उठतात, आणि तो टॉवेल आधी आत आण.